बमरोलीचा लाल ठिपका

हवा मोजणाऱ्या माणसावर लोक नाना आरोप करतात. कारखानदार म्हणतात, तुम्ही मुद्दाम आमच्याच धुराड्याकडे तोंड करून मशीन ठेवता. सोसायटीवाले म्हणतात, मशीनच्या घरघरीनं दुपारची झोप मोडते. इच्छापोरला एका सुपरवायझरनं मला तोंडावर सांगितलं होतं, ‘बेन, तुम्ही आलात की धूळ वाढते.’ हे सगळं मी हसून सोडून देते. पण लग्न मोडल्याचा आरोप माझ्यावर केला तो फक्त भाईदास अप्पांनी. तोही आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून, सगळ्यांदेखत.

“मंगलताई, तुमना डबानी मना पोऱ्यानं लगीन मोडं!”

अप्पा एरवी माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात. संतापले की अहिराणीवर येतात. मी हातातला फिल्टरचा कागद खाली ठेवला आणि त्यांना आत बसवलं. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

पुढचं कळण्यासाठी आधी हा डबा काय ते सांगायला हवं.

मी सुरतेचीच. वडील शिरपूरकडून इथं पॉवरलूमवर, म्हणजे आमच्या भाषेत संचावर, कामाला आले आणि इथंच राहिले. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि हवा-पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत लागले. तेव्हा हवा मोजायचं मशीन फ्रिजएवढं असायचं. त्यात काचतंतूंचा पांढराशुभ्र कागद लावायचा. मशीन दिवसभर त्या कागदातून हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार. आधी कोऱ्या कागदाचं वजन, नंतर मळलेल्या कागदाचं वजन. मधला फरक म्हणजे त्या भागातल्या लोकांनी काय ओढलं त्याचा हिशेब. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतला कागद चहाच्या चोथ्यासारखा काळपट निघायचा, हजिरा रस्त्यावरचा मातकट. पुढेपुढे कागद बघून मला जागा ओळखता यायला लागली. बाई माणूस शिडीनं गच्चीवर चढते, कागद बदलते, हे बघायला सुरुवातीला लोक जमायचे. आता जमत नाहीत.

मग हे छोटे डबे आले. जेवणाच्या डब्याएवढा, पांढरा, भिंतीला टांगायचा. आत एक पंखा आणि प्रकाशाची एक बारीक तिरीप. धुळीचा कण त्या तिरिपेतून गेला की उजेड विस्कटतो आणि डबा कण मोजतो. केसाच्या जाडीपुढेही नगण्य असलेले कण, जे नाकात अडकत नाहीत, थेट छातीच्या तळाशी जातात. डब्यात मोबाइलचं सिमकार्ड असतं. त्यातून आकडा परदेशातल्या एका संस्थेकडे जातो आणि ती संस्था जगाच्या नकाशावर ठिपके दाखवते. हिरवा ठिपका म्हणजे चांगली हवा. मग पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. हा नकाशा कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येतो. सुरतेतल्या डब्यांची देखभाल आमच्या प्रयोगशाळेकडे आली, म्हणजे माझ्याकडे आली.

तेव्हापासून सकाळचा चहा घेताना मी जगाची हवा बघते. उलानबातर नावाचं शहर मी या जन्मात बघणार नाही, पण थंडीत तिथं घराघरात कोळसा पेटतो हे मला ठाऊक आहे. तिथले ठिपके जांभळे झाले की उगाच चुकचुकल्यासारखं होतं. आपली सुरतही त्याच नकाशावर.

एका दसऱ्याला परदेशातून घाईघाईचा निरोप आला होता, तुमच्या उधन्याच्या ठिपक्याजवळ आग लागली आहे का? मी धावत गेले. घरमालकाच्या आईनं शस्त्रपूजेत डब्याचीही पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि बरोबर पंख्याच्या तोंडाशी धुपाटणं. म्हातारी म्हणाली, “दिवसभर राबतं बिचारं, त्याला नको का धूप?” मी परदेशी लिहिलं, आग नाही, सण आहे. त्यांना काय कळलं कोण जाणे.

सुरतेतल्याच बमरोली वस्तीतला डबा भाईदास अप्पांच्या गच्चीवर होता. मीच गळ घालून लावलेला. अप्पा जन्मभर संचावर उभे राहिलेले. त्यातून त्यांनी दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर उभं केलं. मी मूळची खान्देशातली म्हटल्यावर त्यांनी वीज, जागा काही न विचारता दिली. त्यांचा मुलगा नीलेश एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करतो. त्याचं दोंडाईच्याजवळच्या एका गावात लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढायची होती.

“काय झालं ते नीट सांगा अप्पा,” मी म्हटलं.

“व्याही म्हणतात, पोरगी देणार नाही. मोबाइल काढला त्यांनी. त्यात बमरोली. बमरोलीत माझं घर. घरावर लाल टिकला.” अप्पांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. “म्हणे, तुमचं घर तर सरकारच लाल दाखवतंय. अशा घरात पोर देऊ का?”

व्याह्यांचं नाव उत्तमराव. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. त्यांचा धाकटा भाऊ सुरतेतच पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला होता. तो छातीचं दुखणं घेऊन गावी परत आला आणि खोकत खोकत गेला. उत्तमरावांनी त्याला शेवटपर्यंत मांडीवर घेतलं होतं. कुणीतरी नकाशा दाखवला आणि त्यांना तो लाल ठिपका दिसला. त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं दोष देणार?

“डबा काढा,” अप्पा म्हणाले. “आजच्या आज.”

मी म्हटलं, “आधी तपासू द्या. डबा चुकतही असेल.”

आणि खरं सांगते, त्या दिवशी तो चुकीचा निघावा असं मला मनापासून वाटत होतं. डब्यात कोळी जाळं करतो, पाल शिरते, पंखा कुरकुरतो, असं होतं. मी दुसरा, पारखलेला डबा घेऊन गच्चीवर गेले आणि पहिल्याच्या शेजारी टांगला. एका जागेवर दोन डबे एकच बोलले तर दोन्ही खरे. काही दिवस दोघांना शेजारी ठेवलं. दोघे सख्ख्या भावांसारखे एकच बोलत होते. सकाळी लाल, दुपारी वारा सुटला की जरा नारिंगी, दिवस कलला की पुन्हा लाल.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन गल्ल्या सोडून एक लहानसं डाईंगचं खातं होतं. कपड्याला रंग द्यायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला जळण. सुरतेत जळणाला तोटा नाही, चिंधी आहे. साड्या कापताना, एम्ब्रॉयडरी करताना उरलेल्या पॉलिस्टरच्या चिंध्यांची पोतीच्या पोती. सकाळी बॉयलर पेटला की धुराड्यातून काळं निघायचं आणि वास असा की जणू कुणी प्लास्टिकची बादली तव्यावर ठेवली आहे. अप्पांच्या घरच्यांनी वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर काळे पापुद्रे येऊन बसायचे. झटकले की रेघ उठायची.

“हे रोजचं आहे?” मी विचारलं.

“ते तर कधीचं आहे,” अप्पा म्हणाले, जणू मी सूर्य उगवण्याबद्दल विचारलं. “बमरोलीत धूर नसेल तर काय असेल?”

नीलेश गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, “अप्पा, डबा काढू नका. आता काढला तर ते म्हणतील, पकडले गेले म्हणून काढला.”

“तू गप ऱ्हा! तुझंच लग्न आहे.”

“म्हणूनच बोलतोय ना.”

डबा राहिला. मी रीतसर अहवाल केला, साहेबांनी तो योग्य तिथं पाठवला, तक्रार झाली. पाहणी झाली म्हणतात. आठवडाभर धुराडं थंड होतं आणि ठिपका चक्क पिवळा झाला. अप्पांनी नीलेशकडून त्याचा फोटो काढून घेतला आणि उत्तमरावांना पाठवला. एकदा नाही, रोज. उत्तरादाखल काही आलं नाही. मग एका सकाळी बॉयलर पुन्हा पेटला. ठिपका पुन्हा लाल. माझ्या नोकरीत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की रागही आता हप्त्याहप्त्यानं येतो.

अप्पांनी शेवटचा उपाय काढला. “तुम्ही चला गावाला. मशीन तुमचं. तुम्ही समजावलंत तर ऐकतील.”

मला नाही म्हणता आलं नाही. सकाळच्या गाडीनं उधन्याहून आम्ही तिघे निघालो, अप्पा, नीलेश आणि मी. नंदुरबार मागे पडलं तसे अप्पा खिडकीतून तोंड बाहेर काढून मोठमोठे श्वास घेऊ लागले. माझ्या पर्समध्ये हातात धरायचं छोटं मीटर होतं. ते सवयीनं नेहमीच असतं, जशी दुसऱ्या बायकांकडे औषधाची गोळी.

उत्तमरावांचं घर गावाच्या कडेला होतं. मागे कपाशीचं शेत, वेचणी झालेली. ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. उत्तमराव धिप्पाड, कमी बोलणारे. त्यांनी आम्हाला हात जोडले, पण नजर अप्पांना दिली नाही. मुलगी, वैशाली, पाणी घेऊन आली आणि दाराच्या आत थांबली.

“ताई,” उत्तमराव मला म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या. खरं काय ते सांगा. तो ठिपका खोटा आहे का?”

अप्पा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ते मला समजवायला घेऊन आले नव्हते. खोटं बोलायला घेऊन आले होते. माझ्या तोंडून फक्त ‘मशीन बिघडलं होतं’ एवढे तीन शब्द निघायला हवे होते.

“ठिपका खरा आहे,” मी म्हटलं. “दुसरं मशीन लावून तपासला. शेजारी चिंधी जाळतात.”

अप्पांचा चेहरा असा झाला की मला खाली बघावं लागलं. नीलेश मात्र हलला नाही. उत्तमरावांनी मान डोलावली. ते रागावले नव्हते, उलट सुटल्यासारखे दिसले. हात शेताकडे पसरून म्हणाले, “ही हवा बघा. या हवेतली पोर मी त्या धुरात कशी घालू? भावाला घातला, तेवढं पुरे झालं.”

जेवल्याशिवाय जायचं नाही, असं म्हणून ते उठले. मोडलेल्या सोयरिकीलाही आमच्याकडे जेवू घालतात.

बाहेर पुरुषमंडळींत जीव घुसमटायला लागला म्हणून मी आत गेले. आत खरोखरीच घुसमटले. स्वयंपाकघराला एक हातभर झरोका. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटलेल्या, अर्ध्या ओल्या. धूर छतापासून उतरून माणसाच्या खांद्यापर्यंत आलेला. त्या धुराखाली उत्तमरावांच्या पत्नी, सिंधूबाई, वाकून कळण्याच्या भाकरी थापत होत्या. वय माझ्याएवढंच असेल, दिसत होत्या माझ्या आईसारख्या. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, वर विणकामाचा रुमाल घातलेली.

“गॅसवर नाही करत?” मी डोळे पुसत विचारलं.

“चहा करतो ना पाहुण्यांचा.” त्या हसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या. खोकला संपेपर्यंत भाकरी हातावर तशीच धरून ठेवली. “भाकर यांना चुलीचीच लागते.”

तेवढ्यात माझ्या पर्समधलं मीटर केकाटलं.

गाडीत सुरू केलेलं ते मी बंद करायला विसरले होते, आणि हवा फार बिघडली की ते आवाज करतं. मी ते बाहेर काढलं. त्याच्या पडद्यावर आकड्याला तीन घरं असतात. तिन्ही घरांत नऊ होता. मी बटण दाबून ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिन्ही नऊ. म्हणजे आकडा नऊशे नव्याण्णव नव्हता. त्याच्या पुढे मोजायची मीटरची ताकद संपली होती. सचिनमध्ये, पांडेसऱ्यात, धुराड्यांच्या पायथ्याशी उभं राहून मी आयुष्य काढलं. माझ्या हातात तिन्ही नऊ कधी आले नव्हते. इतकी वर्षं मी गच्च्या मोजल्या, रस्ते मोजले, कारखान्यांच्या वेशी मोजल्या. स्वयंपाकघरात मीटर सुरू करायचं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

आवाज ऐकून उत्तमराव दारात आले. “काय वाजलं?”

मी मीटर त्यांच्या हातात दिलं. “हे त्याच जातीचं मशीन आहे. बमरोलीचा लाल ठिपका अशाच मशीननं मोजतात. आत्ता तुमच्या घरातला आकडा बमरोलीच्या कितीतरी वर आहे.”

“हाऽऽ,” ते म्हणाले, “घरचा धूर तो. लाकडाचा. त्यात काय औषधबिवषध नसतं.”

“छातीला फरक कळत नाही उत्तमराव. कण तेवढाच बारीक.”

त्यांना पटेना. ते मीटर घेऊन ओट्यावर गेले. आकडा भराभर उतरला. आत आले, आकडा चढला, मीटर केकाटलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. अंगणातून शेताच्या बांधापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, तो नकाशा उघडला आणि बोटांनी ताणून स्वतःचं गाव शोधलं. मी शेजारून बघत होते. नदी होती, रस्ता होता, गावाचं नाव होतं. ठिपका नव्हता. आजूबाजूला कितीतरी मैल, एकही नव्हता.

“इथं तर काहीच नाही दाखवत,” ते म्हणाले.

“इथं डबाच नाही. नाही तर दाखवणार काय?”

सिंधूबाई चुलीपुढून उठून आमच्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी मीटरमध्ये डोकावून पाहिलं. “काय म्हणतं हे?”

वैशाली म्हणाली, “माय, हे म्हणतं, तू चुलीपाशी जी हवा घेतेस ती बमरोलीपेक्षा वाईट आहे. ज्या हवेत मला द्यायची नाही म्हणतात ना, त्याच्यापेक्षा.”

सिंधूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग त्या एकदम हसल्या.

“मंग मी जिती कशी शे?”

दुसरं कुणी हसलं नाही. उत्तमराव मटकन उंबऱ्यावर बसले. मीटर त्यांच्या हातात केकाटतच होतं, ते बंद करायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी वैशालीनं ते त्यांच्या हातातून काढून माझ्याकडे दिलं आणि आत जाऊन चुलीतल्या पऱ्हाट्या ओढून त्यांवर पाणी ओतलं. राहिलेल्या भाकरी तिनं गॅसवर केल्या. कडेला जरा करपल्या होत्या. उत्तमरावांनी त्याच खाल्ल्या.

निघताना वैशाली नीलेशशी ओट्याच्या खाली उभी राहून बोलली, सगळ्यांसमोर. “खिडकी कोणत्या बाजूला आहे तुमची?”

“धुराड्याच्या बाजूला.”

“दुसऱ्या बाजूला काढता येईल?”

“काढू,” नीलेश म्हणाला.

परतीच्या गाडीत नंदुरबार मागे पडल्यावर अप्पा म्हणाले, “खोटं बोलला असतात तर मी तुमचे उपकार मानले असते.” थोड्या वेळानं म्हणाले, “बरं झालं नाही बोललात.”

लग्न झालं, माघ महिन्यात, दोंडाईच्याला. वैशाली आता बमरोलीत राहते. खिडकी दुसऱ्या भिंतीला काढली आहे. बॉयलर पेटायच्या सुमाराला ती मोबाइलवर ठिपका बघते आणि दारं लावून घेते. गल्लीतल्या बायकाही आता तिला खालून ओरडून विचारतात, “आज केवुं छे, वैशालीबेन?” मग ती रंग सांगते. त्या कपडे त्याप्रमाणे वाळत घालतात. चिंधी अजून जळते. माझे अहवाल अजून जातात. हे मी मोठेपणानं सांगत नाही, आहे ते सांगते.

लग्न पुन्हा ठरायच्या आधी मात्र उत्तमरावांचा मला एक फोन आला होता. आम्ही येऊन गेल्यावर त्यांनी सिंधूबाईंना धुळ्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच बोलत होते. मागे माणसांची गजबज ऐकू येत होती.

“ताई, फोटो काढला छातीचा. नळीत फुंकायला लावलं. तिला फुंकताच येईना.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, तुमची बाई बिडी ओढते का?”

“मग?”

“मी म्हटलं, नाही साहेब, कधी हातात नाही धरली. तर म्हणाले, खरं सांगा, लाजू नका. अशी छाती बिडी ओढणाऱ्याचीच होते. किती वर्षं झाली?”

मागे कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

“मग तुम्ही काय सांगितलं, उत्तमराव?”

“सांगितलं,” ते म्हणाले, “आमचं लग्न झालं तेव्हापासून.”